सहा तारांचा खर्ज



व्याख्यानमालेच्या चालकांचे बोलावणे आले तेव्हा विषय निवडण्याची मोकळीक त्यांनी आम्हांला दिली होती. कामगार संघटनेत सारी उमेद घालविलेला माणूस कामगार कायद्यांवर बोलेल, फार तर दोनचार संपांच्या आठवणी सांगेल, असा त्यांचा होरा असावा. आम्ही ‘सहा तारांच्या बास गिटारी आणि त्यांचा नाद’ असा विषय कळविला, तेव्हा चिटणीसांनी दोनदा फोन करून खात्री करून घेतली. त्यांचा दोष नाही. आम्हांला वाद्य वाजविता येत नाही, गाणे येत नाही, आणि शिक्षण सातवीपर्यंतचे. त्यापुढचे जे काही झाले ते नगरवाचनालयाच्या बाकावर. तरीही हा विषय आमच्याकडे चालत आला, तो दोन वाटांनी.

पहिली वाट कानाची. वयाच्या सोळाव्या वर्षी आम्ही इचलकरंजीत मागावर उभे राहिलो आणि अकरा वर्षे उभेच होतो. साध्या मागांच्या शेडमध्ये धोट्याचा आवाज नव्वद डेसिबलांच्या वर असतो. बारा तासांची पाळी. अशा आवाजात कान जातो, पण तो सगळा एकदम जात नाही. आधी वरचे, बारीक आवाज जातात. डॉक्टरांनी आमच्या कानाचा आलेख काढला, त्यात चार हजार आंदोलनांच्या आसपास विहिरीसारखा खड्डा आहे. सकाराचा, शकाराचा आवाज नेमका त्या बाजूचा. म्हणून सभेत कोणी ‘संप’ म्हणाले तर आम्हांला ‘अंप’ ऐकू येते. संप आहे हे आम्ही चेहऱ्यावरून ओळखतो. खालचे आवाज मात्र शाबूत आहेत. बासरी आम्हांला अर्धीच ऐकू येते, पण तंबोऱ्याची खर्जाची तार पुरेपूर. तेव्हा खर्जाच्या वाद्याकडे आम्ही वळलो ही रसिकता नव्हे, निरुपाय आहे.

दुसरी वाट भाच्याची. आमचा भाचा ऑर्केस्ट्रात बास वाजवितो. लग्ने, वाढदिवस, गणेशोत्सव, साखर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू व्हायचा समारंभ. कोल्हापूर-सांगली भागात ऑर्केस्ट्रा काय असतो हे तुम्हांला सांगायला नको. आधी त्याच्याकडे चार तारांची बास होती. तीन वर्षांपूर्वी त्याने पतपेढीचे कर्ज काढून सहा तारांची घेतली, आणि कर्जाला जामीन आम्ही राहिलो. ज्या वस्तूला आपण जामीन राहिलो ती आहे तरी काय, हे कळून घ्यावे म्हणून आम्ही वाचू लागलो.

आरंभीच एक घोटाळा सांगितला पाहिजे. भाच्याने जुन्या तारा बदलायच्या म्हणून ‘सहा तारांच्या बासचा संच’ मागविला. महिन्याच्या कमाईचा मोठा लचका गेला. तारा आल्या त्या बारीक, आणि इतक्या आखूड की घोडीपासून निघून खुंटीपर्यंत पोचेनात. दुकानदाराने फसविले असे प्रथम वाटले. त्याने फसविले नव्हते. ‘सहा तारांची बास’ ह्या एकाच नावाची दोन निराळी वाद्ये जगात आहेत, आणि त्यांचा नादही एकमेकांपासून कोसभर लांब आहे.

पहिली जात अशी. आपली नेहमीची गिटार घ्या. तिच्या सहा तारा ज्या सुरांत लावतात त्याच सुरांत, फक्त एक सप्तक खाली लावा. ती झाली आखूड सहातारी. तिची तार घोडीपासून मानेच्या टोकापर्यंत तिशीच्या आतबाहेर इंच भरते. तिचा सर्वांत खालचा सूर ई. सेकंदाला ४१ आंदोलने. (आमच्या धंद्यात वर्षाला दोन आंदोलने झाली तरी पुष्कळ.) दुसरी जात म्हणजे चार तारांच्या बासलाच वर एक आणि खाली एक तार जोडलेली. तिची लांबी ३४ ते ३६ इंच. खालची तार बी, तिची आंदोलने ३१. वरची तार सी, तिची १३१ च्या जवळपास. पहिली जात ही खाली उतरलेली गिटार आहे. दुसरी ही दोन्ही अंगांनी वाढलेली बास आहे. भाच्याकडे दुसरी होती, तारा आल्या पहिलीच्या.

आता नादाकडे येऊ. जुन्या शालेय पुस्तकांत नादाची तीन लक्षणे असत: तारता, तीव्रता आणि जाती. तारता म्हणजे सूर खालचा की वरचा, तीव्रता म्हणजे मोठा की लहान. ती दोन्ही सारखी असूनही सनई आणि पेटी निराळ्या ऐकू येतात, ती जातीमुळे. तार वाजते तेव्हा एकटा सूर कधीच वाजत नाही. दुप्पट, तिप्पट, चौपट आंदोलनांचे उपस्वर बरोबर निघतात. तंबोऱ्याच्या खर्जात मन लावून ऐकले की गंधार आपोआप उमटतो. आपले गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तो खर्जाचा पाचवा भाग. कोणते उपस्वर किती जोरात निघतात आणि किती वेळ टिकतात, ह्यावर नादाची जात ठरते. त्यात पहिला आघात आणि त्यामागून राहणारी आस, ह्या दोन गोष्टी वेगळ्या धरायच्या. आमच्या सगळ्या तुलनेचे मर्म त्या दोहोंत आहे.

आखूड सहातारी पहिल्यांदा विकायला आणली ती न्यू जर्सीतल्या डॅनइलेक्ट्रो कंपनीने, १९५६ साली. मालक नेथन डॅनियल हे स्वस्त माल बनविण्यात हातखंडा असलेले गृहस्थ. सिअर्स ह्या मोठ्या दुकानाच्या यादीतून त्यांच्या गिटारी दुसऱ्या नावाने घरोघर जात. गिटार म्हटली की लोकांना शिसवी लाकूड आठवते. ह्यांनी पॉपलर लाकडाची चौकट केली आणि तिच्या पुढे-मागे मॅसोनाइटचे, म्हणजे लाकडाच्या तंतूंच्या दाबलेल्या फळीचे, पत्रे ठोकले. तारांचा कंप टिपणारी चुंबके लागतात, त्यांना पिकअप म्हणतात. ती ह्यांनी लिपस्टिकच्या रिकाम्या नळ्यांत बसविली. ह्यात अतिशयोक्ती नाही. कारखान्यातल्या माणसाला हे ऐकून आनंद होतो. आमच्या शेडमध्ये जॉबर लोक सायकलच्या ट्यूबपासून मागाचे काय काय करीत!

अशा पोकळ, हलक्या खोक्यातून नाद निघतो तोही पोकळ, लाकडी. आघात स्पष्ट, आस थोडी. तबल्याच्या डग्ग्यापेक्षा दरवाजावर बोटाने केलेल्या टकटकीच्या जवळचा. एकटे ऐकले तर किरकोळ वाटेल. पण नॅशव्हिलच्या ध्वनिमुद्रणशाळांत त्याचा भलताच उपयोग निघाला. तेथे उभा लाकडी बास असे, पुरुषभर उंचीचा. त्याचा नाद भरदार, पण त्यावेळच्या मोटारीतल्या आणि स्वयंपाकघरातल्या लहान रेडिओतून तो बाहेरच पडत नसे. मग त्यांनी युक्ती काढली. उभ्या बासचे सूर दुसऱ्या माणसाने सहातारीवर, नखीने, तळहाताची कड घोडीपाशी टेकवून वाजवायचे. आस मारून टाकायची, नुसता आघात ठेवायचा. उभ्या बासचे शरीर आणि सहातारीचे टोक. ह्या टोकाला त्यांनी नावही आवाजावरूनच दिले: टिक-टॅक.

पॅट्सी क्लाइन ह्या गायिकेचे ‘क्रेझी’ हे गाणे १९६१ च्या ऑगस्टमध्ये मुद्रित झाले. त्यात उभा बास बॉब मूर यांचा आणि सहातारी हॅरल्ड ब्रॅडली यांची. भाच्याने ते प्रथम मोठ्या पेटीवर ऐकविले. आम्हांला मूर यांचा बास तेवढा ऐकू आला, डुलत चाललेला. मग त्याने तेच मोबाइलच्या एवढ्याशा भोंग्यातून लावले. मूर नाहीसे झाले. राहिले ते ब्रॅडली, टुकटुक करीत. रेडिओसाठी केलेली साठ वर्षांपूर्वीची युक्ती आमच्या तळहातावर जशीच्या तशी चालू होती. आज ह्या सभागृहातही आम्ही ते ऐकविणार होतो. पण येथला ध्वनिक्षेपक भाषणासाठी आहे, त्यातून खर्ज येत नाही. तुम्हांला ब्रॅडलीच ऐकू आले असते.

ह्या ब्रॅडलींबद्दल आम्हांला विशेष जिव्हाळा वाटतो त्याचे कारण निराळे आहे. हे हॅरल्ड ब्रॅडली १९९१ पासून २००८ पर्यंत नॅशव्हिलच्या वादक-कामगार संघटनेचे, म्हणजे अमेरिकन फेडरेशन ऑफ म्युझिशियन्सच्या २५७ क्रमांकाच्या शाखेचे, अध्यक्ष होते. आणि गंमत ही की ज्या शाळेत ते वाजवीत ती त्यांनी व त्यांचे थोरले बंधू ओवेन यांनी मिळून उभी केलेली! आमच्याकडे मालकाचा भाऊ संघटनेचा अध्यक्ष व्हायला निघाला असता तर पहिली सभा दगडफेकीने संपली असती. पण ते गृहस्थ हाताने काम करणारे होते, पाळीच्या दराने वाजविणारे होते. ती संघटना कडवी. ध्वनिमुद्रिकांनी वादकांच्या पोटावर पाय येतो म्हणून तिने १ ऑगस्ट १९४२ पासून अमेरिकेत मुद्रणावर बहिष्कार टाकला. शेवटच्या दोन मोठ्या कंपन्या नमायला नोव्हेंबर १९४४ उजाडले. प्रत्येक तबकडीमागे काही रक्कम निधीत जाऊ लागली, आणि त्यातून वादकांना मेहनताना देऊन लोकांसाठी फुकट कार्यक्रम होऊ लागले. आम्ही हे वाचले त्या रात्री झोप आली नाही. यंत्र आले म्हणजे माणूस जातो, एवढेच आम्ही आयुष्यभर पाहिलेले. यंत्राने माणसाला भाडे द्यावे, ही मागणी आम्ही कधी लिहिलीच नाही.

आता फेंडरकडे. चार तारांची बास १९५१ साली बाजारात आणणारे हेच लिओ फेंडर. १९६१ मध्ये त्यांनी आपली आखूड सहातारी काढली: भरीव लाकूड, तीस इंची तार, तीन पिकअप, प्रत्येकाला वेगळी कळ, आणि सूर थरथरविण्याचा दांडा. १९७५ पर्यंत ती त्यांच्या यादीत होती. गिब्सनचीही एक होती, १९६० ची, पण ती फार थोडी निघाली.

फेंडरचा नाद डॅनइलेक्ट्रोहून उजळ आणि तारेचा. पियानोच्या डाव्या बाजूच्या पट्ट्यांची आठवण देणारा, आस लांब, आणि खालच्या ईवर जरा गुरगुरणारा. ही गुरगुर का, ह्याचा हिशेब आम्ही पावतीपुस्तकाच्या पाठीवर केला. तारेला लागणारा ताण तिच्या वजनाच्या पटीत वाढतो, आणि लांबीच्या व आंदोलनसंख्येच्या वर्गाच्या पटीत वाढतो. चार तारांच्या बासची ई तार ३४ इंच लांब आणि एका इंचाच्या हजारातल्या १०५ भागांएवढी जाड असते. ह्या सहातारीच्या आजच्या संचात तीच ई ८४ भागांची, तीस इंच लांब. हिशेब केला तर ताण जवळजवळ निम्मा भरतो. सूर तोच, ताण निम्मा! सैल तार छेडली की ती मोठा झोका घेते, आघाताच्या क्षणी सूर किंचित चढतो आणि मग खाली बसतो. शिवाय पडद्यांना घासते. तीच ती गुरगुर. काहींना तो दोष वाटतो, काहींना तीच गोडी. जॉन लेनन आणि जॉर्ज हॅरिसन यांनी बीटल्सच्या शेवटच्या दिवसांत ती वाजविली, पॉल मॅकार्टनी पियानोवर बसले असताना.  गिटारवाल्याच्या हाताला ती परकी वाटत नाही हे त्याचे सरळ कारण.

पण आखूड सहातारीचे आम्हांला सर्वांत आवडलेले वाजविणे नॅशव्हिलचे नाही आणि लंडनचेही नाही. कॅरल काय ह्या बाई १९३५ साली जन्मलेल्या, लॉस एंजेलिसच्या. आधी जॅझच्या गुत्त्यांत गिटार वाजवीत. १९६३ मध्ये एका मुद्रणाला बासवाला आला नाही म्हणून त्यांच्या हातात बास दिली गेली, आणि पुढची दहाबारा वर्षे अमेरिकेच्या घराघरांत त्यांचा खर्ज वाजत राहिला. तबकडीच्या वेष्टनावर नाव मात्र गायकाचे. सनी आणि शेर यांचे १९६७ चे ‘द बीट गोज ऑन’ हे गाणे ज्या बासच्या ओळीवर उभे आहे ती ओळ त्यांनी तिथल्या तिथे बसविली; मिळाला तो पाळीचा दर. २०२५ साली रॉक अँड रोलच्या स्मृतिमंदिराने त्यांना मान देऊ केला, तो नव्वदीच्या ह्या बाईंनी नाकारला. आम्हांला ते आवडले.

तर १९६८ मध्ये ग्लेन कॅम्पबेल हे ‘विचिटा लाइनमन’ मुद्रित करीत होते. गाणे जिमी वेब यांचे: टेलिफोनच्या खांबावर चढून तारा दुरुस्त करणाऱ्या कामगाराचे. वेब यांनी ऑक्लाहोमात सपाट माळावर मोटारीतून जाताना खांबावरचा तो एकटा माणूस पाहिला होता. गाणे त्यांच्या मते पुरते लिहून झालेच नव्हते, एक कडवे कमी होते. ती रिकामी जागा कॅम्पबेल यांनी काय यांची डॅनइलेक्ट्रो सहातारी मागून घेऊन भरून काढली. शब्द नाहीत, नुसती धून, गिटारीच्या एक सप्तक खाली. मघा जिला आम्ही दरवाजावरची टकटक म्हटले तीच ही मॅसोनाइटची पेटी. पण येथे तळहात उचललेला आहे, आस मोकळी सोडलेली आहे, सूर थरथरतो आहे. लांबलचक तारेतून वारा वाहावा तसा तो नाद आहे. खांबावरच्या माणसाला हाच आवाज ऐकू येत असला पाहिजे. वाद्याच्या जातीइतकीच हाताची जातही मोजावी लागते, हे आम्ही त्या अर्ध्या मिनिटात शिकलो.

दुसरी जात, भाच्याच्या हातातली, ह्याहून पुष्कळ उशिरा आली आणि निराळ्याच रीतीने आली. कोणा कारखानदाराला ती सुचली नाही. न्यू यॉर्कचे अँथनी जॅक्सन, १९५२ चा जन्म, व्यवसायाने वादक, यांनी हट्ट धरला. त्यांचे म्हणणे असे की बास हा गिटारीच्याच घराण्यातला सर्वांत खालचा भाऊ. मग त्याला चारच तारा का? फेंडर यांच्या डोळ्यांसमोर उभा बास होता म्हणून चार, एवढेच. त्यांनी आपल्या वाद्याला कॉन्ट्राबास गिटार म्हटले, आणि कार्ल थॉम्पसन ह्या कारागिराने ती १९७५ मध्ये बनवून दिली. पहिली मनासारखी नव्हती. तारा फार जवळजवळ बसल्या होत्या. मग केन स्मिथ यांनी बनविली, पुढे ब्रुकलिनच्या फोडेरांनी. तारेची लांबी ३४ वरून ३६ इंचांवर नेली. दोन इंचांनी काय होते? वर्ग करून पाहा: ताण सुमारे बारा टक्क्यांनी वाढतो. खालच्या बीच्या १३० भागांच्या जाड दोरासारख्या तारेला ते बारा टक्के अमृतासारखे लागतात. जाड तार आखूड आणि सैल असली की ती तारेसारखी न वागता सळईसारखी वागते; तिचे उपस्वर दुप्पट-तिप्पट न राहता चढेल होतात, आणि सूर गढूळ लागतो. लहान पियानोचा आणि मोठ्या मैफलीच्या पियानोचा खर्ज निराळा लागतो तो ह्याच कारणाने. म्हणून चांगल्या लांब सहातारीची परीक्षा एकच: खालची बी वाजवून विचारायचे, सूर कळतो की नुसती भुई हलते?

जॅक्सन २०२५ मध्ये वारले. ते खुर्चीवर बसून वाजवीत, आणि बहुतेक वेळ मोजकेच वाजवीत. त्यांच्या नादात आघात गोल आहे, आस लांब आहे, आणि मुख्य म्हणजे सहाही तारांवर रंग एकच आहे. आखूड सहातारीत वरच्या तारा गिटारीसारख्या आणि खालच्या बाससारख्या वाजतात. येथे एकच माणूस तळघरापासून माडीपर्यंत चालत गेल्यासारखे वाटते. जाता जाता सांगण्याजोगी गोष्ट: १९७३ मध्ये, सहातारीच्या आधी, ओजेज यांच्या ‘फॉर द लव्ह ऑफ मनी’ ह्या गाण्याची बासची ओळ ह्यांनी वाजविली, आणि गाण्याच्या कर्त्यांत तिसरे नाव त्यांचे लागले. वय वर्षे एकवीस. काय बाईंना जे मिळाले नाही ते ह्यांना मिळाले, आणि तेही पैशावरच्या गाण्यात!

हे सारे पुस्तकी आणि तबकड्यांवरचे. पण आम्हांला ते समोरासमोर ताडून पाहायचे होते. भाच्याचा एक मित्र मुंबईला ध्वनिमुद्रणशाळेत आहे. त्याने दोन आखूड सहाताऱ्या, एक डॅनइलेक्ट्रोच्या नावाची आणि एक फेंडरच्या नमुन्याची, दिवाळीच्या सुट्टीत आणल्या. संघटनेच्या कचेरीत, मीटर बंद पडलेल्या पंख्याखाली, तिन्ही वाद्ये एकाच पेटीला जोडून आम्ही ऐकली. ऐकणारे चौघे: आम्ही, कचेरीचा कारकून, एक म्हातारे जॉबर आणि तो मित्र. भाचा पडद्याआड. सूर एकच, ४१ आंदोलनांचा ई. चौघांनी कागदावर लिहायचे, कोणते वाद्य.

लांब सहातारी चौघांनीही दर वेळी ओळखली. तिची ई बसक्या पोत्यासारखी जमिनीवर टेकते. दोन आखूड वाद्ये मित्राने आणि कारकुनाने बिनचूक सांगितली. कारकुनाचे वय तेवीस. त्याने माग कधी चालविलेला नाही. जॉबरांचे निम्मे चुकले. आमचेही निम्मे चुकले. म्हणजे आम्ही छापकाटाच केला असे समजा.

भाच्याला ते खरे वाटेना. “मामा, एक लाकूड वाजतंय आणि एक तार वाजतीया. दिवसरात्रीचा फरक आहे,” असे तो म्हणाला आणि पुन्हा पुन्हा वाजवू लागला. मग मित्राने एक प्रयोग केला. वाद्याची आवाजाची कळ शून्यावर ठेवून तार छेडायची आणि मग कळ हळूहळू उघडायची, म्हणजे आघात कापला जातो, नुसती आस ऐकू येते. तसे केल्यावर कारकूनही चुकू लागला. पुढे स्वर मऊ करणारी कळ पूर्ण बंद करून पाहिले, तर मित्रही अडखळला. म्हणजे ह्या दोन वाद्यांचा भेद मुख्यत्वे पहिल्या क्षणातल्या बारीक, वरच्या आवाजात आहे: नखीची टिचकी, तारेचे किणकिण, मॅसोनाइटची टकटक. खर्जाचे वाद्य, पण त्याची ओळख खर्जात नाही, ती वर आहे. जेथे आमच्या आलेखात खड्डा आहे, तेथे.

श्रोतेहो, मघाशी आम्ही फेंडर उजळ, डॅनइलेक्ट्रो लाकडी, असे मोठ्या अधिकाराने सांगितले. ते भाच्याच्या कानाने सांगितले. आमच्या स्वतःच्या कानाला ती दोन्ही एकच आहेत. शेडमध्ये कानात घालायचे बोळे दोन रुपयांना मिळत. मालकाने ते दिले नाहीत, आणि खरे सांगायचे तर आम्ही संघटनेत आल्यावर पहिली दहा वर्षे मागणीपत्रात ते कलम आम्हीही घातले नाही. महागाई भत्ता, बोनस, पाळीचे तास. कान कोणाच्या लक्षात येतो? जॉबर त्या रात्री काही बोलले नाहीत. वाद्यावरून हात फिरवून घरी गेले.

आता उरली ती कर्जाची हकिकत. भाच्याने सहा तारा घेतल्या त्या नादासाठी. खालच्या बीचे त्याला वेड होते. ऑर्केस्ट्राच्या मालकाचे लक्ष मात्र वरच्या सीकडे गेले. खर्जही हाच धरतो, वरच्या तारेवर गिटारीचे तुकडेही हाच वाजवू शकतो. मग गिटारवाला कशाला? गेल्या वर्षी लग्नसराईच्या तोंडावर गिटारवाल्याला ‘बघू, कळवितो’ असे सांगण्यात आले. तो चाळिशीचा, दोन मुलांचा बाप. आमच्याच कचेरीत आला. समोर आम्ही, आमच्या शेजारी आमचा भाचा.

आम्हांला १९२८ च्या मुंबईच्या गिरण्या आठवल्या. दोन मागांच्या विणकऱ्याला तीन माग द्यायचे, ह्या अन् अशाच योजनांवरून तेव्हा सहा महिने गिरण्या बंद होत्या. इचलकरंजीत आम्ही स्वतः आधी दोन माग सांभाळले, मग चार. माग वाढले तसे शेजारचे माणूस कमी झाले, हे आम्हांला कोणी शिकवायला नको. आणि नॅशव्हिलला? तेथे सहातारी आली ती उभ्या बासशेजारी. एका सुराला दोन माणसे, दोघांचा दर. येथे तीच आली आणि दोन कामांना एक माणूस. लाकडाचा, तारेचा, पिकअपचा सगळा अभ्यास करून आम्ही पुन्हा आपल्या जुन्या मुक्कामाला येऊन ठेपलो, ह्याचे आम्हांलाच हसू आले.

मालकाकडे आम्ही गेलो. ऑर्केस्ट्राच्या वादकांची संघटना नाही, करार नाही, हजेरीपट नाही. कोणत्या कायद्याखाली बोलायचे? ते सभ्य माणूस आहेत, चहा दिला. म्हणाले, “त्याच्या वाद्याला सहा तारा आहेत, त्यात माझा काय गुन्हा?” आम्हांला उत्तर सुचले नाही, हे कबूल केले पाहिजे.

उत्तर भाच्याने दिले. दुसऱ्या दिवशी त्याने वरची सीची तार काढली, गुंडाळी करून आमच्या टेबलावर ठेवली आणि पाच तारांवर तालमीला गेला. वरचे तुकडे आता ह्या वाद्यावर निघत नाहीत, असे सांगितले. मालक दोन दिवस रागावले. गणपतीत गिटारवाल्याला बोलावले. लग्नसराईचे अजून ठरलेले नाही. ती तार आमच्या खणात पावतीपुस्तकांबरोबर आहे.

वाद्याच्या नादात फरक पडला का, असे आम्ही त्याला विचारले. तो म्हणाला, नादात नाही, पण एका तारेचा ताण गेल्यामुळे मान जरा मागे कलली आणि बाकीच्या तारा पडद्यांवर खडखडू लागल्या. मानेच्या आत लोखंडी सळई असते. तिचा आटा पाव फेरा सैल केल्यावर खडखड थांबली.